पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहिले, एवढे पुरेसे आहे का?

घरात लहान मूल असले किंवा कुणाचे पथ्य सुरू असले, की गृहिणीचा हात ‘सेंद्रिय’ लिहिलेल्या पाकिटाकडे वळतो. डाळ, गूळ, कणीक, सगळ्यालाच जास्त पैसे मोजावे लागतात. महिन्याच्या बजेटला ताण देऊन घेतलेली ही वस्तू खरी आहे का, हे पाकीट वाचूनच ठरवा.

‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘गावरान’ हे शब्द सेंद्रिय शेतीचा पुरावा नव्हेत. चौकोनातला हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो, तर अ‍ॅगमार्क मालाची प्रत दाखवतो.

मग पाहायचे काय? २०१७ च्या नियमांप्रमाणे दुकानातल्या सेंद्रिय मालाला प्रमाणपत्र लागते. ते दोन मार्गांनी मिळते. ‘एनपीओपी’मध्ये मान्यताप्राप्त संस्था शेताची तपासणी करते, तर ‘पीजीएस-इंडिया’मध्ये गटातले शेतकरी एकमेकांची शेते तपासतात. म्हणून पाकिटावर ‘जैविक भारत’सारखे अधिकृत चिन्ह, प्रमाणपत्राचा तपशील आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक शोधा. ‘पीजीएस-ग्रीन’ असे लिहिलेले असेल, तर ते शेत अजून सेंद्रिय होण्याच्या वाटेवर आहे असे समजा. या बदलाला हंगामी पिकांसाठी साधारण २ वर्षे, तर फळबागांसाठी ३ वर्षे लागतात. या काळात रासायनिक खते-औषधे बंद असतात आणि उत्पन्न अनेकदा घटते. प्रामाणिक शेतकऱ्याच्या मालाचा भाव चढा असतो, तो यामुळेच.

आठवडी बाजारात स्वतःचा माल थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला मात्र प्रमाणपत्रातून सूट आहे. त्याच्याकडे चिन्ह नाही म्हणून तो फसवतो आहे असे मानू नका. खत कोणते घालता, कीड पडली तर काय फवारता, शेत पाहायला येऊ का, असे मोकळेपणाने विचारा. खरा शेतकरी आनंदाने उत्तर देईल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सेंद्रिय साखर ही शेवटी साखरच. मधुमेह्याचे पथ्य चिन्हामुळे सैल होत नाही.

सगळाच किराणा सेंद्रिय घेणे परवडत नसेल, तर मन खट्टू करू नका. रोज पोटात जाणाऱ्या एक-दोन वस्तूंपासून सुरुवात करा. पावती मात्र जपून ठेवा. दावा खोटा वाटला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. जादा पैसे देणाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क आहेच.