सब्र की हट्ट?

मुलगा चौथ्यांदा त्याच परीक्षेला बसतो, दुकान दोन वर्षे तोट्यात चालते, आणि आपण म्हणतो, “सब्र करा.” पण सब्र आणि हट्ट यांत फरक आहे.

अमेरिकेत बास या गोड्या पाण्यातल्या माशाला गळाने पकडण्याच्या स्पर्धा होतात. रोजच्या सर्वांत वजनदार पाच माशांचे वजन धरायचे आणि सर्व दिवसांची बेरीज करायची. मार्च 2016 मध्ये ओक्लाहोमातील ग्रँड लेकवर ‘बासमास्टर क्लासिक’ ही तीन दिवसांची स्पर्धा झाली. दोन दिवसांनंतर जेसन क्रिस्टी आघाडीवर होते. एडविन एव्हर्स त्यांच्या सुमारे 3 किलो मागे होते. एव्हर्सना मासे मिळत होते, पण तेवढ्याने अंतर भरून निघणे अवघड होते. शेवटच्या दिवशी त्यांनी तलाव सोडून एल्क नदी गाठली. त्या दिवशी पाच मासे 13 किलोंहून अधिक भरले आणि ते जिंकले.

क्रिस्टी चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. पुढे असणाऱ्याने वाट का बदलावी? मागे असणाऱ्याने मात्र हिशेब करावा: अंतर किती, वेळ किती, आणि आजचीच तदबीर उत्तम चालली तरी पुरेल का? शेवटचे उत्तर ‘नाही’ असेल, तर घरात मशवरा करा, मुलाचेही ऐका, इस्तिखारा करा आणि पाऊल उचला. तदबीर आपली, निकाल अल्लाहच्या हाती.