मल्ल एका जिल्ह्याचा, नाव दुसऱ्या जिल्ह्याचे

बारामती/इंदापूर : उजनी धरणाच्या फुगवट्याच्या अलीकडे इंदापूर तालुका, म्हणजे पुणे जिल्हा. पाण्यापलीकडे करमाळा, म्हणजे सोलापूर जिल्हा. इंदापूरहून दक्षिणेला नीरा ओलांडली की माळशिरस लागते, तेही सोलापूरचेच. आणि बारामतीहून ती ओलांडली की फलटण, म्हणजे सातारा जिल्हा. महसुली नकाशावर तीन जिल्हे असलेला हा टापू कुस्तीच्या दृष्टीने मात्र एकच आहे. चैत्रात जत्रांचे फड सुरू झाले, की अकलूजचा मल्ल इंदापूरच्या मैदानात आणि फलटणचा बारामतीच्या मैदानात उतरतो. लोक त्याच्या कुस्तीला दाद देतात. त्याचा जिल्हा कोणी विचारत नाही. मोठ्या मैदानांत पंजाब-हरियाणाचे आणि इराणचे मल्लही याच टाळ्यांचे धनी होतात.

राज्य अजिंक्यपदाच्या स्पर्धेत मात्र जिल्हा विचारला जातो. एवढेच नव्हे, तर मल्लाच्या नावाआधी तो उच्चारला जातो. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली. २००५ मध्ये ती इंदापुरात झाली व सईद चाऊस विजयी ठरला. पुढच्याच वर्षी ती बारामतीत झाली आणि गदा अमोल बुचडेने उचलली. लागोपाठ दोन वर्षे ही स्पर्धा शेजारच्या दोन तालुक्यांत व्हावी, यात या भागातील सहकारी साखर कारखानदारीचे आणि राजकीय नेतृत्वाचे पाठबळ जसे दिसते, तशीच येथील प्रेक्षकांची कुस्तीची आवडही दिसते. मात्र अलीकडच्या काही वर्षांत या स्पर्धेच्या निकालपत्रावर नजर टाकली, तर नावाआधी येणारा जिल्हा आणि मल्लाचे गाव यांचा मेळ अनेकदा बसत नाही.

२०१८ मध्ये जालन्यात पुण्याच्या अभिजित कटकेला नमवून बाला रफिक शेख महाराष्ट्र केसरी झाला. कागदोपत्री तो बुलढाण्याचा मल्ल होता. मुळात तो करमाळा तालुक्यातला, म्हणजे इंदापूरच्या समोरच्या काठावरचा. २०२० मध्ये बालेवाडीत जिंकलेला हर्षवर्धन सदगीर नाशिककडून खेळला; त्याचे गाव अकोले तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात गदा पटकावणारा शिवराज राक्षे नांदेडचा म्हणून पुकारला गेला, पण तो आहे राजगुरुनगरजवळचा, पुणे जिल्ह्याचा. त्याच स्पर्धेत ज्याच्या पराभवावरून गुणांचा मोठा वाद पेटला, तो सिकंदर शेख वाशीमकडून लढत होता. गाव मोहोळ, जिल्हा सोलापूर. या मालिकेचा कळस २०२५ च्या अहिल्यानगरच्या स्पर्धेत झाला. गादी विभागात नांदेडचा राक्षे आणि पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर आले, तेव्हा मुळात खेड तालुक्याचा मुलगा मुळशी तालुक्याच्या मुलाशी लढत होता. त्या लढतीच्या निर्णयावरून काय गदारोळ झाला, हे सर्वश्रुत आहे. दोन्ही मल्ल एकाच जिल्ह्याचे आहेत, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

असे का घडते, याचे उत्तर निष्ठेत शोधण्यापेक्षा गणितात शोधणे अधिक योग्य ठरेल. प्रत्येक जिल्हा वा शहर संघाला केसरी गटात मातीवर एक आणि गादीवर एक मल्ल पाठवता येतो. पुणे, सोलापूर, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांत त्या योग्यतेचे मल्ल अनेक आहेत. विदर्भ-मराठवाड्यातील काही जिल्ह्यांत एकही नाही. जिल्हा निवड चाचणीत दुसरा आलेला पुण्याचा मल्ल राज्यातील पहिल्या पाचांत असू शकतो, पण पुण्याकडून त्याला मॅटवर पाऊलही ठेवता येत नाही. मग तो जागा रिकामी असलेला जिल्हा शोधतो. त्या जिल्ह्याच्या संघटकांनाही नावाजलेला मल्ल मिळाल्याचे समाधान मिळते. व्यवहार दोघांच्या सोयीचा असतो.

हेच गणित जगाच्या पातळीवरही चालते. रशियातील दागिस्तान हा डोंगराळ प्रदेश जगातील सर्वोत्तम फ्रीस्टाइल मल्लांची खाण मानला जातो. पण ऑलिंपिकला एका वजनगटात एका देशाचा एकच मल्ल जातो. म्हणून दागिस्तानात घडलेले मल्ल अन्य देशांच्या झेंड्याखाली दिसतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ९७ किलो गटाचे सुवर्ण बहारीनच्या अखमेद ताजुद्दिनोवने आणि ७४ किलोचे उझबेकिस्तानच्या रझामबेक झमालोवने जिंकले. दोघेही दागिस्तानच्या आखाड्यांतून आलेले. देश बदलणाऱ्या खेळाडूला आधीच्या देशाकडून शेवटचे खेळल्यानंतर तीन वर्षे थांबावे लागते, असा ऑलिंपिक सनदेतील सर्वसाधारण नियम आहे; संबंधितांच्या संमतीने त्यात सूट मिळते. भारताने तर त्याहून कडक भूमिका घेतली. २००८ मध्ये केंद्र सरकारने ठरवले, की भारतीय पारपत्र असलेल्यालाच देशाचे प्रतिनिधित्व करता येईल. त्यामुळे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड असलेल्या खेळाडूंना दार बंद झाले. देश बदलणे म्हणजे नागरिकत्व, प्रतीक्षा, परवानगी. त्या मानाने जिल्हा बदलणे फारच सोपे आहे.

या प्रश्नाची एक बाजू मात्र दागिस्तानच्या उदाहरणाने नीट उलगडत नाही. उसनवारीने आलेला मल्ल आणि त्या मातीत वाढलेला परगावचा मल्ल यांत फरक करावा लागेल. नरसिंग यादवचे कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशातील वाराणसी भागातले. वडील मुंबईत दुधाच्या धंद्यात. कांदिवलीच्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात तो घडला आणि २०११, २०१२ व २०१३ असा सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाला. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून त्याने देशाला रिओ ऑलिंपिकचा कोटा मिळवून दिला. त्यावरून सुशील कुमारशी झालेला वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि ऐन रिओमध्ये उत्तेजक प्रकरणी चार वर्षांची बंदी आली. ती कहाणी वेगळी. येथे मुद्दा एवढाच, की नरसिंगला मुंबईचा मल्ल म्हणताना कोणालाही अडखळावे लागत नाही, कारण मुंबईने त्याला घडवले. वाशीम किंवा बुलढाणा यांना हे म्हणता येणार नाही.

मग मल्लाला घडवतो कोण? बारामती-इंदापूर पट्ट्यात याचे उत्तर घरापासून सुरू होते. बारा-तेरा वर्षांच्या पोराला घरचे कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या तालमीत ठेवतात. दूध, तूप, बदाम, थंडाई हा खुराक वर्षानुवर्षे पुरवायचा असतो. तोही मुलाच्या हाती काही लागेल याची शाश्वती नसताना. उसाचे बिल आले की तालमीचे पैसे, हे गणित या भागातील अनेक कुटुंबांना पाठ आहे. दुसरा वाटा वस्तादाचा. लातूरहून पुण्यात आलेले अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांच्या कात्रजच्या कुस्ती संकुलाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. २०२० च्या अंतिम लढतीतील सदगीर आणि शैलेश शेळके हे दोघेही त्यांचेच शिष्य. २०२३ च्या जानेवारीतील राक्षे आणि महेंद्र गायकवाड हेही त्यांचेच. नाशिक विरुद्ध लातूर, नांदेड विरुद्ध सोलापूर अशा या लढती म्हणजे प्रत्यक्षात एकाच तालमीतले रोजचे जोड होते. जिल्ह्याच्या नावाने पुकारा होत असला, तरी निष्ठा तालमीशी असते, आणि तिथेच ती शोभते.

ही परंपरा आजची नाही. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, म्हणजे सातारा जिल्ह्याचे. शिकले आणि घडले कोल्हापुरात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी सरकारची मदत अपुरी पडली, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगितले जाते. त्या कांस्यपदकावर सातारा आणि कोल्हापूर दोघांचाही हक्क आहे, कारण दोघांनीही त्यात काही घातले होते. आज नांदेडने राक्षेत काय घातले, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो. तो मल्लाला विचारायचा नाही. त्याने उपलब्ध वाट धरली. प्रश्न आहे तो जिल्हा संघटनांना. बाहेरच्या तयार मल्लावर केसरी गटाची जागा भरता येत असेल, तर स्वतःच्या तालमी उभारण्याची, चौदा वर्षांखालील मुलांसाठी मॅट आणण्याची निकड त्यांना का वाटावी? आणि वाशीममध्ये एखादा होतकरू पोरगा असलाच, तर घरच्या चाचणीत त्याची गाठ कोणाशी पडणार?

यावर 'जन्माच्या जिल्ह्याकडूनच खेळा' असा फतवा काढणे हा सोपा आणि चुकीचा उपाय ठरेल. त्याने पुण्याचे, सोलापूरचे चांगले मल्ल घरी बसतील आणि स्पर्धेचा दर्जा घसरेल. त्याऐवजी बलाढ्य जिल्ह्यांना मागील कामगिरीनुसार वाढीव प्रवेशिका द्याव्यात, आणि दुसऱ्या जिल्ह्याकडून खेळणाऱ्या मल्लाला तेथे ठरावीक काळ सराव वा नोकरीची अट घालावी, हा मधला मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. अर्थात, नियम करायचा कोणी, हीच सध्याची अडचण. बारामतीचे शरद पवार दीर्घकाळ अध्यक्ष असलेली राज्य परिषद भारतीय कुस्ती महासंघाने २०२२ मध्ये बरखास्त केली. त्यानंतर रामदास तडस यांच्या नेतृत्वाखाली दुसरी संघटना उभी राहिली. परिणामी नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला एक आणि धाराशिवला एक, अशा दोन 'महाराष्ट्र केसरी' एकाच महिन्यात झाल्या. फुलगावी सिकंदर शेखकडून हरलेला राक्षे धाराशिवला सदगीरला हरवून केसरी झाला! मल्लाने निष्ठा कोणत्या जिल्ह्याशी ठेवावी, हे ठरवण्याआधी ती कोणत्या संघटनेशी ठेवावी, हेच त्याला ठरवावे लागले.

या साऱ्यात देशाचा विचार फारसा होत नाही. ऑलिंपिकमध्ये भारताच्या पुरुष मल्लांनी आजवर मिळवलेली सर्व पदके ६६ किलो किंवा त्याखालील गटांतली आहेत : खाशाबा, सुशील, योगेश्वर, रवी दहिया, बजरंग आणि पॅरिसला ५७ किलोत कांस्य जिंकणारा अमन सेहरावत. खाशाबांनंतर यांतील एकही महाराष्ट्राचा नाही. सगळे दिल्ली-हरियाणाच्या आखाड्यांतले. महाराष्ट्राची गदा, मोटार, सत्कार आणि मैदानातली मोठी इनामे मात्र वजनदार मल्लासाठी राखलेली. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने ५७ किलोत २०१८ चे राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य मिळवले, तरी गावोगावच्या फडात त्याच्या नावाला केसरीची सर येत नाही. पंधरा वर्षांचा हलका, चपळ पोरगा इंदापूरच्या तालमीत असेल, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात : वजन वाढवून मातीतल्या इनामांकडे जाणे, किंवा वजन राखून सहा मिनिटांच्या मॅटवरील कुस्तीत राष्ट्रीय संघाच्या दारावर धडका देत राहणे. पहिल्या वाटेवर खुराकाचे पैसे लगेच सुटतात. दुसरीवर ते घरातूनच जात राहतात, आणि त्या वाटेवर त्याला उसने घेणारा जिल्हाही सहसा भेटत नाही.