जॅक येट्स आणि चित्रकलेचा तास

चित्रकलेचा तास म्हणजे विश्रांतीचा तास, अशी विद्यार्थ्यांची समजूत आहे. आणि वहीच्या समासांत घोडे काढणारा मुलगा अभ्यासांतून उठला, अशी पालकांची. या दोन्ही समजुती आम्हांस मान्य नाहींत. आमच्या बाजूनें साक्ष देण्यास आम्ही आयर्लंडचा चित्रकार जॅक येट्स यास बोलावितों.

कवि विल्यम येट्स याचा हा धाकटा भाऊ. जन्म १८७१ सालीं लंडन येथें झाला. परंतु बालपण बहुतेक गेलें तें आयर्लंडच्या पश्चिमेस, स्लायगो या बंदराच्या गांवीं, आजोळीं. धक्क्यावरचे खलाशी, बाजारांतले घोडेवाले, सर्कशींतले विदूषक हींच त्याचीं पाठ्यपुस्तकें. मोठेपणींही दिसेल तें टिपून घेण्यास लहानशी वही त्याच्या जवळ असे. अशा वह्यांचा मोठा संग्रह आज डब्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयांत जपून ठेविलेला आहे. १९०५ सालीं नाटककार जॉन सिंग याच्यासमवेत (हा सिंग आयरिश, पंजाबी नव्हे!) तो पश्चिमेकडील दरिद्री मुलुखांत हिंडला, एकानें लिहिलें, दुसऱ्यानें चितारलें.

१९२३ सालीं त्यानें डब्लिनमधील लिफी नदींतल्या पोहण्याच्या शर्यतीचें चित्र काढलें. त्यांत पोहणारे थोडकेच दिसतात. दिसते ती कांठावर वांकलेली, माना उंचावणारी गर्दी; आणि पाहतां पाहतां आपणही त्या गर्दींत मागें उभे आहों, असें वाटूं लागतें. त्या काळीं ऑलिंपिकमध्यें कलेच्याही स्पर्धा होत. १९२४ सालीं पॅरिस येथें या चित्रास रौप्यपदक मिळालें. स्वतंत्र आयर्लंडचें तें पहिलें ऑलिंपिक पदक! तें धांवून किंवा पोहून नव्हे, रंगवून मिळालें.

उतारवयांत त्याचा रंग दाट व मोकळा होत गेला, आकृति रंगांत विरूं लागल्या. त्यांतील कांहीं चित्रांपुढें आम्हीही प्रथम गोंधळून गेलों, हें कबूल करणें भाग आहे. १९५७ सालीं तो वारला.

आमचे विद्यार्थी एलिमेंटरी परीक्षेसाठीं घडा आणि वांगीं उत्तम काढतात. हात बसतो, यांत शंका नाहीं, पण डोळा? एस्. टी. स्टँडवरची झुंबड, मासळीबाजार, मैदानाच्या कुंपणावर बसलेले प्रेक्षक आमच्या मुलांच्या वहींत कधींच कां उतरत नाहींत? पालकांनीं यंदा एक कोरी वही मुलाच्या हातीं द्यावी आणि तींत काय काढलें म्हणून रागावूं नये. पुढील वार्षिक अंकाचीं चार पानें आम्हीं त्या वह्यांसाठीं आजच राखून ठेविलीं आहेत.