स्वर टोचतो तेव्हा

त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी भारतीय चित्रपटाचा पाया घातला तो मुक्या चित्रांनी. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला आवाज नव्हता. कारकिर्दीच्या अखेरीस, १९३७ मध्ये, त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. गोदावरीच्या उगमस्थानी जन्मलेल्या माणसाच्या हातून शेवटी गंगेच्या अवतरणाला वाचा फुटावी, हा योगायोग मोठा गोड आहे. मात्र त्या काळच्या बोलपटांची ती ‘वाचा’ आज घरी ऐकू जावे, तर अनुभव नेहमीच गोड येतो असे नाही.

जुना बोलपट घरच्या संचावर लागला की ‘स’, ‘श’ हे ऊष्मवर्ण सुईसारखे टोचतात. झांजा कानात शिरतात आणि गायिकेचा आवाज पत्र्यावर घासल्यासारखा वाटतो. नातवंडे हसतात, “पूर्वीच्या बायका किती किंचाळत गात!” आजीला ते लागते, पण कानांना ऐकू येते ते तिला नाकारताही येत नाही. हा निवाडा बहुधा अन्यायाचा असतो. ज्या गायिकेवर तो लादला जातो, ती स्वतःची बाजू मांडायला आता हयात नसते.

त्या काळी चित्रपटाचा ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशाने उमटवलेला असे आणि त्यात खरखर फार. ती झाकण्यासाठी चित्रगृहातील यंत्रणा उंच कंप्रतेचे ध्वनी मुद्दामच दाबत असे. हॉलिवूडमध्ये १९३८ साली याचे प्रमाणही ठरले. सुमारे १६०० हर्ट्झपर्यंत ध्वनी जसाच्या तसा, पुढे उतार, आणि ८००० हर्ट्झपाशी जवळजवळ १८ डेसिबलची घट. शिवाय ध्वनिवर्धक पडद्यामागे असत. पडद्याला बारीक छिद्रे असली तरी थोडी धार तेथेही बोथट होई. हे सारे ठाऊक असल्याने ध्वनिमुद्रक मुद्रणातच वरचे ध्वनी उचलून ठेवी. एकाने वाढवायचे, दुसऱ्याने कमी करायचे, आणि प्रेक्षकाच्या कानी समतोल पोहोचायचा. घरच्या संचाला या कराराची वार्ताच नसते. तो वाढवलेले सारे इमानेइतबारे ऐकवतो. म्हणजे किंचाळते ती गायिका नव्हे. अर्धवट राहिलेला तो व्यवहार किंचाळतो.

असेच करार इतरत्रही आहेत. १९५४ नंतर सर्वमान्य झालेल्या पद्धतीनुसार तबकडी कोरताना १०,००० हर्ट्झपाशी सुमारे १४ डेसिबलची वाढ देतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायरच्या ‘फोनो’ जोडणीत ती काढून घेतात. माळ्यावरून काढलेला रेकॉर्ड प्लेअर भलत्याच जोडणीत खुपसला, तर उत्तम तबकडीही पातळ आणि बोचरी वाजते. डॉल्बी पद्धतीने भरलेली कॅसेट डॉल्बी नसलेल्या टेपवर लावली, तरी हीच गत.

खोलीचाही वाटा मोठा. त्र्यंबकेश्वराच्या काळ्या पाषाणातील मंदिरात घंटेचा नाद रेंगाळतो, तेव्हा तो भक्ताला हवासाच वाटतो. पण चकचकीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या मोठ्या खिडक्या असलेल्या दिवाणखान्यातही ध्वनी तसाच आदळून परततो, आणि तेथे मात्र गाण्याचे शब्द झगझगू लागतात. (गृहप्रवेशाच्या उत्साहात जाड सतरंजी आणि पडदे अडगळ म्हणून बाहेर जातात, हे गाण्याच्या दृष्टीने दुर्दैवच.) त्यात हल्लीचे ध्वनिमुद्रण मायक्रोफोन अगदी ओठांशी धरून होते. मैफलीत वीस फुटांवर बसलेल्याला जो श्वास कधी ऐकू येत नसे, तो आता शेजारी कोणी कुजबुजावे तसा येतो.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे. मनुष्याचा कान ३००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि वाढत्या वयाबरोबर श्रवणशक्तीचा ऱ्हास वरच्या ध्वनींपासून सुरू होतो. आजोबांना व्यंजने पुसट वाटतात, म्हणून ते ‘ट्रेबल’ची कळ उजवीकडे फिरवतात, नातवाचे डोके दुखते, म्हणून तो ती डावीकडे आणतो. दोघेही खरेच बोलत असतात. अशा घरी आजोबांचा कान एकदा तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. कळीवरचे भांडण कित्येकदा तेथेच उलगडते.

बाकी उपाय खर्चाचे नाहीत. ध्वनिवर्धकाचे तोंड थेट कानाकडे न रोखता किंचित वळवावे, समोरच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट असू द्यावे, जमिनीवर सतरंजी अंथरावी. जुना बोलपट लावताना ‘ट्रेबल’ निःसंकोच उतरवावा. त्यात मूळ कृतीचा अवमान नाही; चित्रगृहातील यंत्र जे करी, तेच काम तेव्हा घरातला हात करत असतो. मग आजीला तिच्या लहानपणी ऐकलेला आवाज ओळखू येण्याचा संभव असतो, आणि नातवंडांनाही तो पहिल्यांदा नीट ऐकू येतो.