पाणी आटवले, कार्बन सुटला: कालिमंतानचा धडा

हवामान बदलाची चर्चा निघाली की आपण झाडे मोजतो. झाडांखालच्या जमिनीत काय साठले आहे, हे मात्र विचारत नाही. इंडोनेशियातील पीटभूमीने हा प्रश्न जगासमोर आणला आहे.

पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली साचलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. अशी जमीन जगात जेमतेम 3 टक्के आहे, पण तिच्यात जगातील सर्व जंगलांच्या झाडांपेक्षा जास्त कार्बन आहे. पाणी असेपर्यंत तिथे प्राणवायू पोहोचत नाही. चर खोदून पाणी काढले की पीट कुजू लागते आणि कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो. त्यासाठी आगही लागत नाही. मानवनिर्मित उत्सर्जनापैकी सुमारे 4 टक्के अशा जमिनींतून येते.

1995 च्या अखेरीस सुहार्तो राजवटीने मध्य कालिमंतानमध्ये सुमारे 10 लाख हेक्टरवर भातशेतीची योजना जाहीर केली. हजारो किलोमीटर कालवे खोदले गेले. आम्लधर्मी जमिनीत भात नीट पिकला नाही आणि काही वर्षांत योजना गुंडाळावी लागली. कालवे मात्र राहिले. 1997 आणि 2015 साली कोरडी पीट पेटली. निर्णय जकार्तात झाला, पण जमीन, जंगल आणि मासे गमावले ते तिथल्या दायाक समाजाने. धूरही त्यांच्याच मुलांच्या छातीत गेला.

2016 साली सरकारने पीटभूमी पुन्हा ओली करण्यासाठी स्वतंत्र संस्था नेमली, कालव्यांवर बांध घातले. पण 2020 साली अन्नसुरक्षेच्या नावाने त्याच पट्ट्यात पुन्हा शेतीप्रकल्प आणला. चुकीची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना निर्णयात स्थान नसेल तर चूक पुन्हा होणारच.

यात आपला संबंध काय? पीटभूमीवर पामचेही मळे उभे राहिले आहेत आणि भारत पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार आहे. स्वस्त तेल घेणाऱ्या गरीब कुटुंबाला आम्ही दोष देत नाही. जाब विचारायचा तो कंपन्यांना आणि सरकारला: हे तेल कुठल्या जमिनीतले? तिथल्या लोकांची संमती घेतली होती का?

तरुण कार्यकर्त्यांनी वृक्षारोपण जरूर करावे. पण पाणथळ जमीन 'पडीक' ठरवून कोणी चर खोदायला निघाले, तर आधी विचारावे: फायदा कोणाचा आणि धूर कोणाच्या वाट्याला?