केनियाची फुले, युरोपचा तराजू

नाक दाबले की तोंड उघडते, याचा प्रत्यय केनियाला २०१४ साली आला. युरोपीय महासंघाशी व्यापार करार करण्याची मुदत १ ऑक्टोबरला संपली आणि केनियाच्या गुलाबांवर युरोपात साडेआठ टक्क्यांपर्यंत जकात लागू झाली. नैवाशा सरोवराकाठचे फूलउत्पादक हवालदिल झाले. पूर्व आफ्रिकी समुदायाने त्याच महिन्यात वाटाघाटी आटोपल्या!

या करारांची परंपरा जुनी आहे. १९६३च्या याउंदे करारात १८ आफ्रिकी देश युरोपशी जोडले गेले. १९७५च्या लोमे कराराने आफ्रिकी मालाला सवलत दिली, परतफेडीची अपेक्षा न ठेवता. परंतु मोजक्याच देशांना दिलेली ही एकतर्फी सवलत जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसेना. म्हणून २००० सालच्या कोटोनू कराराने परस्पर सवलतींचा मार्ग आखला. युरोपचा हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने चुकीचा नव्हे. प्रश्न आहे तो समान अटी असमान पक्षांना लावण्याचा.

त्यातच मेख अशी की, टांझानिया, युगांडा, रवांडा व बुरुंडी हे अल्पविकसित देश. त्यांचा माल २००१पासूनच्या स्वतंत्र योजनेनुसार करमुक्त जातो. केनिया मात्र त्या वर्गात मोडत नाही. साहजिकच करार न झाल्यास झळ एकट्या केनियाला बसणार होती. २०१६ साली केनिया आणि रवांडाने स्वाक्षऱ्या केल्या; आपल्या बाल्यावस्थेतील उद्योगांच्या काळजीपोटी टांझानियाने नकार दिला. एका समुदायातील शेजाऱ्यांचे हितच परस्परविरोधी ठरले.

अखेर केनियाने एकट्याने करार केला. डिसेंबर २०२३मध्ये स्वाक्षऱ्या झाल्या, १ जुलै २०२४पासून अंमल सुरू झाला. केनियाच्या मालाला युरोपचे दार तत्काळ खुले झाले. केनियाने आपली जकात २५ वर्षांपर्यंतच्या काळात टप्प्याटप्प्याने उतरवायची आहे. काही संवेदनशील शेतमाल वगळलाही आहे. ही सवड अल्प नव्हे. तथापि, ज्या समुदायाची बाह्य जकात एकच असावयाची, त्यातील एक सदस्य युरोपीय मालाला वेगळा दर लावू लागला, तर सीमेवर मालाच्या उगमाची तपासणी अटळ ठरते. जकात संघाचा पायाच तेथे खचतो.

फुलांचा बाजार राखणाऱ्या केनियाला दोष देणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो शेजाऱ्यांची कुंपणे ठरण्याआधीच प्रत्येकाला वेगळे गाठणाऱ्या व्यवहाराचा. २०२१पासून आफ्रिका खंडीय मुक्त व्यापार क्षेत्राचा व्यवहार सुरू झाला आहे. आधी आपसात बाजार बांधावा, मग बलाढ्यांसमोर एकमुखाने बसावे, हाच क्रम आफ्रिकेच्या हिताचा आहे.