फुटक्या अंजिरांचा जाम

अंजीर थांबत नाही. आंबा कच्चा उतरवून अढीत घालता येतो, केळीचा घड टांगून ठेवता येतो, पेरू दोन दिवस खिडकीत राहिला तर उलट घरभर छान वास सुटतो. अंजिराला ही सवलत नाही. ते गोड होतं ते झाडावरच. कच्चं तोडलं तर नुसतं मऊ पडतं, गोडी काही वाढत नाही. त्यामुळे पूर्ण तयार झाल्यावरच खुडावं लागतं आणि खुडल्यापासून त्याची घाई सुरू होते. सकाळी आणलेली अंजिरं रात्री ठीक असतात, दुसऱ्या दिवशी खालची दबतात, तिसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती चिलटं. चार माणसांच्या घरात दोन किलो अंजिरं इतक्या वेळात संपत नाहीत. जाम करायचा तो यासाठी; हौस नंतर.

आमच्याकडे अंजीर म्हणजे पुरंदरचं. दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला लागलं की हंगामात रस्त्याकडेला विकणारे बसलेले असतात. या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२४ मध्ये तर पुरंदरच्या अंजिराचा रस पोलंडला गेला. कौतुक आहेच. पण ताजं अंजीर लांबच्या प्रवासाला किती नाजूक आहे, हेही त्या बाटलीतून कळतं. झाडाला बहार दोन. थंडीत येतो तो खट्टा बहार, उन्हाळ्यात येतो तो मीठा. खायला मीठ्या बहाराचं अंजीर घ्यावं, यावर वाद नाही. जामला मात्र मी खट्ट्या बहाराचं पसंत करते. साखर आपण घालणारच असतो. फळाने आधीच गोडाचा कळस गाठला असेल तर बरणीत गोडाशिवाय काही उरत नाही.

आणि जामसाठी देखणी अंजिरं घेऊ नयेत. घाटातल्या एका विक्रेतीला मी विचारलं, “मावशी, फुटकी आहेत का?” तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. जाम करायचाय म्हटल्यावर मागची पाटी पुढे ओढली. “मग ही न्या की सगळी. कोण घेत न्हाई, गोड मात्र हीच.” तिचं खरं होतं. पूर्ण पिकून सालीला तडा गेलेलं अंजीर सर्वांत गोड असतं आणि गिऱ्हाईक नेमकं तेच बाजूला सारतं. फक्त नाकाशी धरून पाहा. आंबूस वास आला तर ते अंजीर जामच्याही कामाचं नाही.

घरी आणल्यावर धुवा, देठ काढा, साल राहू द्या. देठाशी पांढरा चीक येतो. त्यातलं फिसिन नावाचं विकर प्रथिनं तोडतं, म्हणून बोटं चुरचुरतात. फणस कापताना लावतो तसा तेलाचा हात लावला की पुरे. प्रत्येक अंजीर चिरून आत नजर टाका, कारण खालच्या छिद्रातून मुंग्या शिरतात. अंजिरात मेलेली माशी असते, असा एक निरोप मोबाइलवर दर हंगामात फिरतो. जगातल्या काही जातींना परागीभवनासाठी इवला गांधीलमाशीसारखा कीटक लागतो, हे खरं. पण पूना जातीच्या आपल्या अंजिराला फळ धरायला परागीभवनच लागत नाही. शाकाहारी मंडळींनी निर्धास्त खावं. उंबर फोडून पाहिलेल्या माणसाला तर त्या निरोपाची भीती वाटायचं कारणच नाही.

आता मुख्य गोष्ट, लिंबू. बहुतेक घरांत ते चवीला म्हणून घालतात, आणि चवीला म्हणूनच टाळतातही. अंजीर हे फार कमी आंबट फळ आहे. त्याचा सामू पाचच्या आसपास किंवा वर असतो, आणि बाटलीबंद पदार्थ सुरक्षित राहायला तो ४.६च्या खाली लागतो. शिवाय जाम धरतो तो पेक्टिनमुळे, आणि पेक्टिनला जाळं विणायला साखरेइतकंच आम्लही लागतं. पेरूत, कैरीत पेक्टिन भरपूर असतं, अंजिरात बेताचं. म्हणून किलोभर अंजिरांना चार मोठे चमचे लिंबाचा रस, आणि लिंबाच्या बिया पातळ फडक्यात बांधून पातेल्यात सोडायच्या. त्या बियांतही पेक्टिन असतं. लिंबाचा तिसरा उपकार असा, की आम्लामुळे साखरेचा काही भाग फुटतो आणि महिन्याभराने जामात कचकचीत खडे धरत नाहीत.

साखर किलोला सहाशे ग्रॅम. यावर घरोघरी नाकं मुरडली जातात, पण साखर इथे राखणदारही असते. निम्मी केली तर तो जाम राहत नाही, शिजवलेलं अंजीर होतं. खायला उत्तम, मात्र आठवड्यात संपवायचं. चिरलेली अंजिरं आणि साखर कालवून रात्रभर झाकून फ्रीजमध्ये ठेवली की सकाळी आपोआप पाणी सुटलेलं असतं. वरून थेंबही घालू नये.

मग पसरट स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियम नको, बिनकल्हईचं पितळही नको, लिंबू त्यांना खातं. आच मोठी हवी. मंद आचेवर तासभर रटरटणारा जाम काळपट होतो आणि त्याला जळक्या साखरेची चव येते. लिंबाचा रस पहिल्या उकळीला घाला, फेस झाऱ्याने काढा.

झाला हे कसं ओळखायचं? साखरांबा करणाऱ्या बायका तार बघतात. जामला गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलतात; सुरकुती पडली की झाला. तापमापक असेल तर मुंबईत १०५ अंश आणि पुण्यात १०३, कारण पुण्याच्या उंचीवर पाणीच ९८ अंशांना उकळतं. पुस्तकातला १०५चा आकडा धरून बसलेल्या पुणेकराचा जाम चिवट होतो तो यामुळे. पण माझा भरवसा वजनकाट्यावर. रिकामं पातेलं आधी मोजून ठेवायचं. किलो अंजिरं, सहाशे ग्रॅम साखर आणि लिंबाचा रस मिळून साधारण १६६० ग्रॅम भरतात. जामात विरघळलेले घन पदार्थ ६५ टक्के असावेत, असा आपल्याकडच्या अन्नसुरक्षा कायद्याचा दंडक आहे. अंजिराची स्वतःची साखर धरून हिशेब केला तर पातेल्यात १२०० ग्रॅम उरले की गाठलं. म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम पाणी उडवायचं, बाकी काही नाही. आजीच्या हाताचा अंदाज प्रत्येकाकडे नसतो. काटा बऱ्याच ओट्यांवर असतो.

वेलची घालू नका. वेलची पडली की अंजीर गेलं आणि शिरा उरला. दालचिनीचंही तेच. चिमूटभर मीठ आणि फार तर आल्याचा ठेचलेला तुकडा, तोही शेवटी काढून टाकायचा.

हंगाम नसताना सुक्या अंजिरांचाही जाम होतो. दोरीत ओवून येणारी ती अफगाणी अंजिरं रात्रभर भिजवून, त्याच पाण्यात शिजवून घ्यायची. साखर निम्मी पुरते, लिंबू तेवढंच. चव दाट लागते, थोडी खजुराकडे झुकणारी. ताज्याची सर मात्र येत नाही.

बाजारातला लालभडक जाम खाऊन वाढलेल्या मुलांना हा तपकिरी, बियांनी भरलेला प्रकार पहिल्यांदा आवडत नाही. थालीपिठावर लोण्याचा गोळा आणि शेजारी हा जाम देऊन पाहा, तक्रार थांबते. काचेच्या बाटल्या दहा मिनिटं उकळून, कोरड्या करून, जाम गरम असतानाच भरायच्या. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवा, चमचा कोरडा वापरा आणि दोन महिन्यांत संपवा. आणि घाटात फुटकी अंजिरं मागाल तेव्हा घासाघीस करू नका. त्यांचा भाव आधीच पडलेला असतो.